तिथीची पाऊणपट

डहाणूच्या खाडीवर फुकट होडी सुरू झाली त्याला आता एकोणीसशे वर्षं झाली. ही गावाभिमानाची बढाई नव्हे. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात तसं कोरून ठेवलेलं आहे. शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं इसवी सन १२० च्या आसपास आपल्या दानधर्माची यादी तिथे खोदून घेतली. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर आपण विनामूल्य होड्या ठेवल्या, असं त्यात आहे. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी, आमची खाडी. त्याच यादीत तीन लाख गाईंचं दान आहे आणि नानंगोल गावातली बत्तीस हजार नारळाची झाडं आहेत. नानंगोल म्हणजे आपल्या झाईच्या पलीकडचं, आता गुजरातेत गेलेलं नारगोळ, असं काही संशोधकांचं मत आहे. तीन लाख गाई कुणी मोजल्या आणि त्या बांधल्या कुठे, हे प्रश्न विचारायचे नसतात. दानाचा आकडा आणि लग्नाच्या पंगतीचा आकडा यांची फेरमोजणी आपल्याकडे कोणी करत नाही.

मला या जावयाबद्दल आदर वाटतो तो होडीमुळे नाही. होडी काय, कोणीही ठेवील. पण या नद्यांच्या दोन्ही तीरांवर प्रवाशांना टेकायला जागा आणि प्यायला पाणी यांचीही सोय आपण केली, असं तो पुढे सांगतो. खाडी काय चीज आहे हे त्याला, निदान त्याच्या कारभाऱ्याला, नेमकं कळलेलं होतं. नदीवर माणूस होडीची वाट बघतो. खाडीवर माणूस आणि होडी दोघं मिळून पाण्याची वाट बघतात. होडी आहे, नावाडी आहे, पैसे द्यायचे नाहीत, आणि मध्ये नुसता चिखल. अशा वेळी उपयोगी पडते ती पाणपोई. डहाणूच्या खाडीचा सगळा इतिहास मला या तीरावरच्या पाणपोईत सापडतो. इथे जो आला त्याला थांबावं लागलं.

आमची खाडी तशी लहानच. शाळेच्या नकाशात ठाण्याची खाडी असते, वसईची असते, वैतरणेचं मुखही सापडतं. डहाणूचं नाव छापलं की खाडीला जागाच उरत नाही. पूर्वेच्या टेकड्यांवरून उतरणारे ओहोळ पावसाळ्यात हिला नदीचा दर्जा देतात. पावसाळा संपला की ती जागा समुद्र वापरतो. मुखाच्या उत्तरेला डहाणू गाव, दक्षिणेला धाकटी डहाणू. तलासरी तालुक्याच्या वाट्याला समुद्र आला तो झाईपुरता. तालुक्याचं बाकीचं अंग डोंगरात आणि एक पाऊल खाऱ्या पाण्यात. तिथेही एक छोटी खाडी आहे आणि तिच्या पलीकडे गुजरात सुरू होतो. राज्य बदललं याची माशांना मात्र दाद नसते.

या किनाऱ्याला पाणी फार हलतं. आपण जसजसे उत्तरेला जाऊ तसतसा समुद्र खंभातच्या निमुळत्या आखाताकडे सरकतो आणि भरती चढत जाते. भावनगरला ती दहा मीटरच्या वर जाते. आमच्याकडे उधाणाला पाच मीटरच्या आसपास, म्हणजे दीड मजला. दीड मजला पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा निघून जातं. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, ते जरा सबुरीनं घेतं. अमावास्या-पुनवेला मात्र बांधाच्या कडेपर्यंत चढून घरातल्या माणसांची चौकशी करून जातं.

हे पाणी कधी येणार ते काढण्याचं गणित मला बंदरावरच्या एका तांडेलकाकांनी शिकवलं.

"काका, आज भरती किती वाजता?"

"आज तिथी कुठली?"

मी खिशातून मोबाइल काढला आणि तिथी शोधून सांगितली, "षष्ठी."

"मग सहाची पाऊणपट किती?"

"साडेचार."

"मग मला कशाला विचारता?"

एवढंच. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तेवढ्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या आणि पौर्णिमा बाराच्या सुमाराला. सकाळची आणि संध्याकाळची दोन्ही याच हिशेबात. मोबाइलवर तिथी शोधणाऱ्या माणसाला त्याच मोबाइलवर भरतीची वेळही मिळाली असती, हे काकांच्या नजरेत मला दिसलं. पण ते बोलले नाहीत. "आपल्या बाजूला वर थोडं धरायचं," एवढं मात्र त्यांनी जाता जाता बजावलं.

हे 'वर थोडं' कुठून येतं ते मी घरी कागदावर मांडून बघितलं. चंद्र एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं मागे पडतो आणि पाऊणपटीचा हिशेब धरतो पंचेचाळीस. दर तिथीला तीन मिनिटं राहून जातात आणि पंधरवड्यात पाऊण तासाची तूट येते. शिवाय भरतीची लाट मुंबई ओलांडून आमच्यापर्यंत पोचायलाही वेळ घेते. ही सगळी तूट काकांनी 'वर थोडं' या दोन शब्दांत भरून काढली होती. लेखापरीक्षकाला हे चाललं नसतं. होडीला चालतं.

डहाणूचा माणूस यामुळे दोन वेळापत्रकांत जगतो. १६ एप्रिल २०१३ ला मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि आम्ही अधिकृतपणे उपनगरी झालो. तेव्हापासून चार मिनिटांच्या उशिरावर फलाटावर जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते. रेल्वे, सरकार, नंतर एकूण देश, असा तिचा चढता क्रम असतो. आणि इकडे खाडी रोज पाऊण तास उशिरा कामावर येणाऱ्या, पण एक दिवस रजा न घेणाऱ्या जुन्या कारकुनासारखी वागते, तर तिच्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही. तिचा उशीर ठरलेला आहे. माणसाला उशिराचं काही वाटत नाही. किती उशीर ते आधी कळलं नाही म्हणजे वाटतं.

थांबायला लागलं की माणूस इकडेतिकडे बघतो. खाडीवर बघण्यासारखं बरंचसं ओहोटीतच असतं. पाणी उतरलं की काठावरची तिवरं उघडी पडतात आणि त्यांच्याभोवती चिखलातून वर आलेली बोटाएवढी शेकडो मुळं दिसतात. चिखलात हवा नाही म्हणून तिवरानं श्वास घ्यायला मुळं उलटी, वरच्या दिशेला काढली. खारं पाणी प्यायचं आणि मीठ पानांवाटे बाहेर टाकायचं, हा त्याचा दुसरा उद्योग. उन्हाळ्याच्या दुपारी तिवराचं पान जिभेला लावून बघा, मीठ लागतं. कांदळाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हिरवी लांब कांडी होऊन लोंबतं. तयार झाली की ती चिखलात पडते आणि जमलं तर तिथेच उभी राहते. पाणी असलं तर ती तरंगत दुसरं गाव बघायला जाते. चिपीचं झाड या दोघांच्या मानानं आमच्याकडे कमी दिसतं. पण २०२० साली राज्यानं कांदळवनातला 'राज्य वृक्ष' निवडला तो पांढरी चिपी. चिखल धरून ठेवण्याचं बहुतेक काम तिवर करतो आणि मानपत्र चिपीला मिळतं. ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

चिखलावर खरी वर्दळ निवट्यांची. निवटा हा मासा आहे हे त्याला स्वतःला पटलेलं नाही. डोळे डोक्याच्या वर, दोन मण्यांसारखे बाहेर; छातीच्या पंखांवर रेलून तो सरकतो, मध्येच शेपटीनं टुणकन उडी मारतो. कल्ल्यांच्या पिशवीत पाणी भरून घेतो आणि ओल्या कातडीनं हवा पितो. डोळे कोरडे पडले की ते खोबणीत ओढून ओले करून पुन्हा वर काढतो. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर ताठ उभा करतात आणि तोंड उघडून एकमेकांना दाखवतात. पुढे काही होत नाही. सीमा ठरते आणि दोघं आपापल्या बिळाकडे जातात. निवट्याच्या कालवणाचे शौकीन मात्र याच बिळात कोपरापर्यंत हात घालतात, तेव्हा हे तोंड उघडणं काही कामाला येत नाही.

शेजारी छोट्या खेकड्यांची वस्ती. यांच्यातल्या नराची एक नांगी अंगाला न शोभेल एवढी मोठी असते आणि तो ती सारखी वर-खाली करत असतो. मादीला 'या' आणि दुसऱ्या नराला 'जा', दोन्ही निरोप एकाच हालचालीत. या नांगीनं खाता येत नाही. खाण्याचं काम दुसऱ्या, लहान नांगीचं. मारामारीत मोठी नांगी तुटली तर नवी येते. काही जातींत ही नवी नांगी दिसायला तेवढीच लांब, पण हलकी आणि कमजोर असते. तरी तो ती त्याच रुबाबात हलवतो आणि समोरचा बहुधा फसतो. आमच्या भागात निवडणुकीच्या दिवसांत मला या खेकड्यांची आठवण हमखास येते.

हिवाळ्यात पाहुणे येतात. लडाख-तिबेटच्या तळ्यांवर उन्हाळा काढलेले तपकिरी डोक्याचे कुरव बोटींच्या मागे फिरतात. तुतवार चिखलाच्या कडेनं शेपूट हलवत धावतो. बाकदार चोचीचा कोरल खेकड्याच्या बिळात चोच घालून शांतपणे हिशेब करतो. या पाखरांना पंचांग लागत नाही. पाणी उतरायच्या आत ती काठावर रांगेनं हजर असतात आणि पहिला चिखल उघडा पडला की जेवणाला बसतात.

माणसंही याच पाण्याच्या हुकमावर चालली. डोल जाळ्याची मासेमारी म्हणजे वाट बघण्याची कलाच. समुद्राच्या तळाशी पक्कं बांधलेलं लांब पिशवीसारखं जाळं, तोंड प्रवाहाकडे. माशाच्या मागे धावायचं नाही. पाणी वाहील, बोंबील आणि करंदी घेऊन येईल. पाणी पालटायच्या आत जाळं ओढायचं. मग बोंबील बांबूच्या वलांडीवर जोडीजोडीनं, एकाच्या तोंडात दुसऱ्याचा जबडा अडकवून, वाळत घालायचे. मांगेला आणि माच्छी समाजातल्या बायका हे काम करताना बोटं कशी चालवतात ते एकदा जवळून बघावं. बोंबील ओला, निसरडा, दात बारीक. बोट न चिरता जबड्यात जबडा बसवायचा आणि तोवर शेजारणीशी भांडणही चालू ठेवायचं. हेच सुके बोंबील टोपल्यांतून आत तलासरीच्या बाजाराला जातात आणि ज्यांच्या पाड्यातून समुद्र दिसत नाही त्यांच्याही चुलीवर समुद्राचा वास पोचतो.

डोंगरातल्या माणसानं हे पाणी किती नीट पाहिलं होतं ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रात दिसतं. २०११ साली पद्मश्री मिळालेल्या या वारली चित्रकाराचं जाळ्याचं चित्र जगभर गेलं. शेणानं सारवलेल्या भुईवर पांढऱ्या रेषांनी विणलेलं एक प्रचंड जाळं, सगळा पट व्यापून राहिलेलं, आणि त्याच्या कडेला इवलीशी माणसं. डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला थांबणं आलं ते निराळं. सावकार-जमीनदाराच्या दारात पिढ्यान् पिढ्या वेठीला उभं राहून त्यानं वाट बघितली आणि २३ मे १९४५ ला तलासरीतल्या झरी गावच्या सभेत ती संपवली. यापुढे वेठ करणार नाही असं तिथे ठरलं. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखालचा हा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या गोदावरीबाईंच्या पुस्तकात आहे. सगळीच वाट बघणं शहाणपणाचं नसतं, एवढी नोंद इथे करून पुढे जायला हवं.

बाहेरून आलेल्यांचं काय झालं? पारशी लोक संजाणला उतरले ते वरोलीच्या मुखातून. तलासरीकडचं पाणी घेऊन ही नदी समुद्राला मिळते. दुधात साखर विरघळल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण मला वाटतं, त्याआधी त्यांच्या गलबतांना मुखाशी भरतीसाठी थांबावं लागलंच असणार. आल्या आल्या या किनाऱ्यानं त्यांना पहिला धडा तोच दिला असेल. पुढे संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरातल्या गुहेत नेला आणि परंपरेनुसार बारा वर्षं तिथे जपला. थांबण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

पोर्तुगीज आले. त्यांच्या अमलातला दगडी किल्ला खाडीच्या काठावर उभा आहे. तोफा पाण्याकडे, म्हणजे अर्धा दिवस चिखलाकडे, तोंड करून होत्या. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी डहाणू घेतलं. नंतर इंग्रज आले. पुढे किल्ल्यात सरकारी कचेऱ्या थाटल्या गेल्या आणि तोफांना जे जमलं नाही ते 'उद्या या' या दोन शब्दांनी केलं: आलेल्या माणसाला दारातच थोपवलं.

मग १९९५ मध्ये खाडीकाठी औष्णिक वीज केंद्र सुरू झालं. पाचशे मेगावॉट, पावणेतीनशे मीटर उंचीची चिमणी. समुद्रावरून परतणारा तांडेल आता तिच्यावरच नजर धरून नाव हाकतो. केंद्राची मालकी बदलत गेली, चिमणी जागची हलली नाही. त्याच सुमारास डहाणूनं एक वेगळंच पाऊल टाकलं. १९९१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांना सगळी मिळून पाचशे एकर जागा, त्यापलीकडे नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दोन दशकांहून अधिक काळ त्याचे अध्यक्ष राहिले. मला हे प्राधिकरण उषवदाताच्या तीरावरच्या निवाऱ्याच्या वंशातलं वाटतं. घाईनं आलेल्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि म्हणायचं, जरा थांबा, पाणी बघू. तालुक्याच्याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराचा प्रस्ताव या निवाऱ्यात १९९८ साली अडला. २०२३ मध्ये अटी घालून सोडला गेला. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध अजून तसाच आहे. त्यांचं म्हणणं फार साधं आहे: तुम्ही समुद्रात भर घालाल, पण पाणी पालटायची वेळ कोणाला विचारणार?

या प्रश्नाचं उत्तर पारनाक्याच्या कासव केंद्रातल्या टाक्यांत पोहत असतं असं मला वाटतं. पावसाळ्यात खवळलेला समुद्र जखमी कासवं किनाऱ्यावर आणून टाकतो. कोणाचा पाय जाळ्यात कापलेला, कोणाच्या पोटात प्लास्टिक. वनखातं आणि प्राणिप्रेमी कार्यकर्ते त्यांना इथे आणतात, औषधपाणी करतात. ऑलिव्ह रिडले कासवांना उशीर झाला तरी चालतं. ती बरी होईपर्यंत कोणी तारीख ठरवत नाही. अशा बिनघाईच्या जागा फार थोड्या उरल्यात, आणि त्यातली एक आमच्या तालुक्यात आहे, याचं मला लोकलपेक्षा जास्त अप्रूप आहे.

खाडीनं आजवर कोणाला अडवलं नाही. शक आले, पारशी आले, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, वीज कंपन्या आल्या. तिनं सगळ्यांना वाट दिली, फक्त आपल्या वेळेला दिली. ती वेळ विचारून घेणारे इथे नांदले. उषवदातानं होडीबरोबर बसायची जागा ठेवली, ती याच हिशेबानं.

तेव्हा डहाणूला याल तर गाडीचं वेळापत्रक बघालच, जोडीला पंचांगही बघा. षष्ठी असली तर दुपारी साडेचार, वर थोडं धरून. त्याआधी पोचलात तर पुढे चिखल असेल आणि चिखलात निवटे असतील. निवाऱ्याची आणि पाणपोईची हल्ली खात्री देता येत नाही. टोपी आणि पाण्याची बाटली घरूनच आणा.